सात बाय सात

रविवारीही मी सायकल काढते,
लायडनच्या बाहेर, कालव्याच्या कडेला,
बिनखिडकीच्या त्या खोलीत.
पेशींना रविवार कळत नाही. भूक कळते.
दोन टोप्या, दुहेरी हातमोजे, डोळ्यांपुरती उरलेली मी
जुना गुलाबी द्रव ओढून घेते, नवा सोडते, अगदी कडेकडेने,
झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलावं तसं.

आला तेव्हा टपालाच्या तिकिटाएवढा होता.
जांघेतला तुकडा, आगीला न सापडलेली जागा.
सोबत कागद: क्रमांक एकोणीस. पुरुष. त्रेपन्न.
बेचाळीस टक्के, खोल.
नाव आम्हाला देत नाहीत.
समासात मात्र कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं: पोलाद.

तेवढ्यावरून मी बाकीचं जुळवलं.
आयमाउदनची भट्टी, समुद्रावरचा वारा, रात्रपाळी सरत आलेली,
कुठल्याशा खळग्यात साचलेलं वाटीभर पाणी
आणि त्यावर वितळलेलं लोखंड.
स्फोटाला तेवढं पुरतं.

तो तिकडे
मेलेल्या कुणाची तरी उसनी कातडी पांघरून पडलेला.
उसनी ती उसनीच. तीन-चार आठवड्यांत अंग तिला ओळखतं
आणि दाराबाहेर काढतं.
आमच्या हातातही तेवढेच दिवस.

नवव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं,
आमच्या गल्लीतल्या विटांसारख्या बसल्या होत्या,
एकीला एक लागून, फट नाही.
मी औक्येला हाक मारली. तिने पाहिलं, म्हणाली, हं.
औक्येच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

सोळा चौकोन झाले. सात सेंटिमीटर बाय सात.
रंग पातळ दुधावरच्या सायीचा,
आणि उचलायला त्याहून अवघड.
अकराव्याचा कोपरा माझ्या चिमट्याने फाटला.
वहीत लिहिलं. वेळ लिहिली, सही केली.
रात्री घरी बटाटे सोलताना
साल हातात धरून उभी राहिले कितीतरी वेळ.

दोन हिवाळ्यांनी तो आला.
तसं कुणी येत नाही. क्रमांक येत नाहीत.
हा आला, सफरचंदाचा केक घेऊन, बायकोला घेऊन,
म्हणाला, मी विब्रन, आणि ही ट्राइन्त्ये,
आणि हे (बाही वर करत) तुमचंच.
खायला काय घालत होतात याला?

जन्मभर घाम गाळला म्हणे या हाताने,
आता एक थेंब येत नाही.
उन्हाळ्यात ट्राइन्त्ये कुंड्यांवरची फवारणी त्याच्यावर मारते.
रात्रपाळीचा भोंगा ऐकला की अजून अंगावर काटा येतो,
पण कोपरापर्यंत. पुढे काटा उभा राहायला केसच नाहीत.
तिथे मुलीचं नाव गोंदलेलं होतं, तेही गेलं.
"पुन्हा गोंदून घेईन म्हटलं, तर ती नको म्हणते.
म्हणते, बाबा, या कातडीला दोन वर्षंच झालीत,
एवढ्या लहानाला सुया टोचतात का?"
हसताना त्याच्या मानेवरचा चौकोन हसला नाही,
थोडा उशिरा ओढला गेला, बस.

मी जाळीदार रेघा मोजत होते, नकळत.
अंगठा आणि तर्जनीच्या मधे, बेचक्यात,
एक तिरपी शिवण, कोपरा नसलेली.
सर्जनला तिथे तसाच तुकडा हवा होता, तो म्हणाला,
चौकोनी बसलाच नसता.
मी वहीतली ती ओळ त्याला सांगितली नाही.

निघताना त्याने हात पुढे केला.
एवढे दिवस याला मी हातमोज्यांतूनच ओळखत होते.
बाहेर बर्फ, सायकलवरून आलेले माझे हात अजून काकडलेले.
"गार लागतात का?" मी विचारलं.
तो हातांकडे बघत राहिला, माझ्या आणि त्याच्या.
"दाब कळतो," म्हणाला. "गारव्याचं तुम्हीच सांगा."